हात लावू नये, आत उत्तर आहे

आमच्या पिंपळे सौदागरच्या सोसायटीत प्रत्येक मजल्यावर दोन तरी आयटीवाले आहेत. त्यामुळे लिफ्टमध्ये कुणी नवीन भेटलं की पहिला प्रश्न ठरलेला. "कुठल्या कंपनीत?"

मी सांगते, "कंपनीत नाही हो. एका संशोधन संस्थेत आहे. प्राध्यापक आणि पीएच.डी. करणारी मुलं संशोधन करतात, त्यांना लागणारे प्रोग्राम मी लिहून देते."

समोरचा थोडा वेळ विचार करतो. मग त्याचा चेहरा उजळतो. "म्हणजे प्रिंटर दुरुस्त करता!"

आता मी वाद घालत नाही. प्रिंटरही दुरुस्त करून देते. पण खरं सांगू का, प्रिंटरवाली असते तर बरं झालं असतं. प्रिंटर फार तर कागद खातो. माझी माणसं माझा जीव खातात! या नोकरीत किस्से गोळा करावे लागत नाहीत. खिडकी उघडी ठेवली की चाकणच्या बाजूची धूळ जशी टेबलावर येऊन बसते, तसे ते आपोआप येऊन बसतात. आणि प्रत्येकाची सुरुवात एकाच वाक्यानं होते: "मॅडम, एक मिनिट येता का?"

हे वाक्य ऐकलं की अजूनही माझ्या छातीत धस्स होतं. का होतं, ते ऐकाच.

* * *

नोकरीच्या सुरुवातीचीच गोष्ट. मेकॅनिकलचे वाघ सर गिअरची झीज कशी होते यावर काम करतात. शांत, सज्जन माणूस. त्यांनी मला एक मिनिट बोलावलं म्हणून गेले, तर त्यांच्या कंप्यूटरवर चक्क पुठ्ठ्याची पाटी लटकवलेली होती. लाल अक्षरांत लिहिलं होतं, "हात लावू नये. आत उत्तर आहे."

मला वाटलं, गंमत असेल. मी हसले. सर हसले नाहीत.

"मॅडम, याला यूपीएस आहेच. पण आणखी एक इन्व्हर्टर जोडता येईल का? लाइट गेली तर उत्तर जाईल."

"जाईल म्हणजे? सेव्ह करा की सर!"

"आकडा लिहून ठेवलाय हो. पण उत्तर आतच आहे."

मी त्यांचा प्रोग्राम उघडून पाहिला. हिशेबाची सुरुवात तो प्रत्येक वेळी नव्या आकड्यापासून करायचा, फाशांचं दान टाकावं तसा. साहजिकच दर वेळी उत्तर निराळं यायचं. सर महिनोन् महिने रोज सकाळी येऊन तो चालवायचे, उत्तर बघून मान हलवायचे आणि चहाला जायचे. मग एका मंगळवारी त्यांना हवं होतं अगदी तस्सं उत्तर आलं. त्या दिवसापासून कंप्यूटर बंद करणं बंद!

मी जमेल तितक्या हळुवारपणे म्हणाले, "सर, उत्तर बरोबर असेल तर प्रोग्राम पुन्हा चालवल्यावरही तेच यायला पाहिजे."

सरांनी माझ्याकडे फार करुणेनं पाहिलं.

"मॅडम, पुन्हा येत नाही म्हणूनच तर जपतोय!"

मी जागेवर येऊन पाण्याची अख्खी बाटली संपवली.

* * *

त्या उत्तराचं पुढं काय झालं तेही सांगून टाकते.

आमच्या कारखान्यांच्या पट्ट्यात खंडेनवमीला काय थाट असतो ते बाहेरच्यांना कळायचं नाही. लेथपासून पान्यापर्यंत सगळं धुऊनपुसून, हळदकुंकू लावून, झेंडूच्या माळा घालून ठेवतात. त्या दिवशी हत्यार वापरायचं नाही, त्याला विश्रांती द्यायची. संस्थेतही तेच. लॅबची व्यवस्था बघणारे ढमढेरे हे काम फार मनापासून करतात. त्या वर्षी त्यांनी संस्थेतली सगळी मशीनं विश्रांतीला पाठवली. सगळी म्हणजे सगळी! पाटी होती तिथं झेंडूची माळ आली, स्क्रीनवर कुंकवाचं स्वस्तिक आलं, आणि आतलं उत्तर गेलं.

दसरा झाल्यावर वाघ सर आले. मी दारातच उभी होते. ढमढेरे तर भिंतीला चिकटले होते.

सरांनी काळा स्क्रीन पाहिला. स्वस्तिक पाहिलं. मग चप्पल काढली, नमस्कार केला आणि बटण दाबलं. प्रोग्राम चालला. उत्तर आलं. आणि काय सांगू, आधीच्यापेक्षा सरस उत्तर आलं!

"ढमढेरे," सर भारावून म्हणाले, "आता दर दसऱ्याला बंद करत चला."

आणि मग माझ्याकडे वळून, अगदी गंभीरपणे विचारलं, "मॅडम, हे पेपरात पद्धत म्हणून कसं लिहायचं?"

* * *

याच वाघ सरांचा एक विद्यार्थी आहे, ओंकार. हुशार आहे, कष्टाळू आहे, आणि आकड्यांना रंग देतो. त्यानं एकदा हजारो आकड्यांची एक्सेलची फाइल आणून दिली. मी ती प्रोग्रामला दिली, उत्तर काढलं, त्याच्या हातात ठेवलं. तो बघतच राहिला.

"मॅडम, यात पिवळे आकडेपण धरलेत तुम्ही!"

"मग?"

"पिवळे खोटे आहेत ना! त्या दिवशी सेन्सर सैल झाला होता."

मी त्याला समजावलं की बाळा, प्रोग्रामला आकडा कळतो, त्याच्या मागचा रंग कळत नाही. तो म्हणाला, "मग सांगा ना त्याला, पिवळे सोड म्हणून." म्हटलं ठीक आहे, सांगते. तेवढा प्रोग्राम लिहिला.

दुसऱ्या दिवशी परत हजर. "मॅडम, एक मिनिट. काही फिकट पिवळे आहेत."

"ते काय आहेत?"

"ते थोडे खोटे आहेत."

मी डोळे मिटून घेतले. थोडे खोटे! म्हणजे प्रोग्रामनं त्यांच्यावर थोडा विश्वास ठेवायचा! तरी स्वतःला सावरून फाइल खाली खाली नेत गेले, तर शेवटच्या पानावर आकड्यांचा एक अख्खा पट्टा केशरी.

"आणि हे केशरी?"

ओंकारनं आजूबाजूला बघितलं आणि आवाज खाली आणला.

"ते सरांना आवडलेले आहेत."

* * *

आता रुबीनाकडे येते, कारण खरा किस्सा तिचाच आहे.

रुबीना इनामदार चाकणची. तिच्या अब्बांचं हायवेलगत ट्रक-टेम्पोचं गॅरेज आहे. पोरगी आमच्या पर्यावरण विभागात पीएच.डी.ला आली ती एकच प्रश्न घेऊन. कारखान्यांच्या आसपासच्या गावांत माणसांच्या नाकात नेमकी कुणाची धूळ जाते? लहानपणापासून तिला दम्याचा त्रास, आणि डॉक्टर दर वेळी अब्बांना म्हणायचे, "तुमच्या गॅरेजमुळे." कंपनीतली माणसं म्हणायची रस्त्यामुळे, रस्त्यावरची म्हणायची कंपनीमुळे. हिला खरं काय ते मोजून बघायचं होतं.

तिनं चाकणजवळच्या निघोजे गावात चार घरांच्या गच्चीवर चार डबे बसवले. शाळेच्या डब्याएवढा डबा, आत हवेतली धूळ मोजणारा सेन्सर, आणि आकडे थेट माझ्या कंप्यूटरवर. तिचे गाइड नाईकनवरे सर. विद्वान, पण पेपर छापायची भारी घाई. डब्यांचे आकडे यायला लागल्यावर त्यांनी परदेशातून फुकट मिळालेला एक प्रोग्राम लावला आणि लगेच निष्कर्ष लिहून काढला. एके दिवशी मला बोलावलं. एक मिनिट.

मी वाचलं. दोनदा वाचलं. त्यात लिहिलं होतं की कामाच्या दिवशी निघोज्याची हवा स्वच्छ असते आणि सुट्टीच्या दिवशी घाण होते. म्हणजे कारखाने चालू असले की हवा सुधारते!

"सर, हे... हे कसं काय?"

"सहलीची वाहनं!" सर उत्साहात म्हणाले. "सुट्टीला लोक भीमाशंकरला जातात. किती धूळ उडते!"

मी प्रोग्राम उघडला. त्यात सुट्टी म्हणजे शनिवार-रविवार असं पक्कं बसवलेलं होतं. ज्यांनी लिहिला त्यांच्याकडे असेलही. पण आमच्याकडच्या कितीतरी कंपन्यांना सुट्टी असते गुरुवारी! वीज पुरावी म्हणून भागवार वेगवेगळे दिवस कधीतरी ठरले, आणि लोकांची लग्नं, वास्तुशांती, बायकांचे केस धुणं, सगळं गुरुवारवर येऊन बसलं. आमच्या संस्थेला सुट्टी गुरुवारी. खुद्द नाईकनवरे सर दर गुरुवारी कासारवाडीला घराच्या गॅलरीत झाडांना पाणी घालत उभे असतात!

"सर," मी म्हटलं, "आपल्याला साप्ताहिक सुट्टी कधी असते?"

"गुरुवारी. का?"

शेजारी उभ्या असलेल्या रुबीनानं कपाळाला हात लावला. सरांना कळायला थोडा वेळ गेला. कळलं तसा चेहरा लालबुंद झाला. पण माघार घेतील तर ते सर कसले!

"तरीपण मॅडम, जगात सुट्टी रविवारी असते. आणि पेपर आपण जगासाठी लिहितो!"

* * *

गुरुवारची दुरुस्ती केली आणि आकडे सरळ झाले. कामाच्या दिवशी धूळ जास्त, गुरुवारी कमी. शिवाय एक सुरेख गोष्ट दिसायला लागली. तीन नंबरच्या डब्यात रोज सकाळी एक उंच टोक यायचं आणि संध्याकाळी एक. नाईकनवरे सरांनी टेबलावर मूठ आपटली. "शिफ्ट बदलते तेव्हाची वाहतूक!" त्या दोन टोकांवर रुबीनाचं पाचवं प्रकरण उभं राहिलं. ते प्रबंधाचं मुख्य प्रकरण. तेवढं लिहून होईपर्यंत तिच्या पीएच.डी.ची मुदत संपली, मुदतवाढही संपत आली. सरांनी धावपळ करून शेवटची वाढ मिळवली. त्यानंतर नाही जमलं, तर नोंदणीच रद्द होणार होती. इतक्या वर्षांचं काम वाया, अगदी पहिल्यापासून.

मला एक गोष्ट मात्र छळत होती. ही टोकं गुरुवारीसुद्धा यायची. कंपनीला सुट्टी, मग शिफ्ट कुणाची बदलते?

"बघून येऊ या का एकदा?" मी रुबीनाला म्हटलं.

तीन नंबरचं घर हिराकाकूंचं. शेतकरी कुटुंब, जमीन थोडी कंपनीत गेलेली, दोन्ही मुलगे कंपनीत कामाला. आम्ही संध्याकाळी पोचलो. काकूंनी हसून वर गच्चीवर नेलं, आणि तिथं जे बघितलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही.

डब्याला हळदकुंकू. डब्यावर जास्वंदीचं फूल. आणि डब्याच्या तोंडाशी, जिथून तो हवा आत घेतो बरोब्बर तिथं, दोन उदबत्त्या लावलेल्या. धुराची रेघ सरळ आत!

रुबीना कशीबशी म्हणाली, "काकू, हे काय?"

"मशीन हाय न्हवं? सकाळ-संध्याकाळ पुजते मी." काकू कौतुकानं डब्यावरची धूळ पदरानं पुसत म्हणाल्या. "तू ठिवलंस तवा काय म्हनली हुतीस? ह्ये गावाचं भलं करनार. मग त्येची पूजा नगं?"

रुबीना जिन्याच्या पायरीवर मटकन बसली. पाचवं प्रकरण म्हणजे हिराकाकूंची उदबत्ती! शिफ्ट नाही, ट्रक नाही, काही नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. खूप वाईट वाटलं मला त्या पोरीचं.

"अगं, काय झालं?" काकू घाबरून म्हणाल्या. "मोगऱ्याची न्हाई आवडत का? चंदनाची हाय घरात."

* * *

काकूंना नीट समजावून सांगितलं. धूर आत गेला की मशीन फसतं, त्यामुळे रुबीनाची पदवी अडकलीय. काकूंना इतकं लागलं की त्यांनी स्वतःच्या गालांत चापट्या मारून घेतल्या. "आगं बया, माज्यामुळं? आता धुराचा कणबी लागू देनार न्हाई मी!"

आणि खरंच, पुढच्या आठवड्यात टोकं गेली. त्याच्या पुढच्या दिवसांत तर आकडे खाली खाली येत पार तळाला टेकले. नाईकनवरे सर स्क्रीनपुढे उभे राहून म्हणाले, "निघोज्याची हवा हिमालयासारखी झालीय. काहीतरी मोठं घडतंय मॅडम!"

मी आणि रुबीना पुन्हा निघोज्याला.

काही मोठंबिठं घडलं नव्हतं. काकूंनी डबा आधी प्लास्टिकच्या पिशवीत घातला होता, वर जुन्या नऊवारीचे तीन वेढे दिले होते आणि सुतळीनं घट्ट बांधला होता.

"बगा बाई," त्या मला अभिमानानं म्हणाल्या, "कुनाच्या बापाचा धूर शिरत न्हाई आता!"

मी हसावं की रडावं या विचारात होते. परत येताना गाडीत रुबीना अचानक म्हणाली, "ताई, आपण काकूंना थांबवायचंच कशाला? गावात माणसं राहतात. चूल पेटवतील, उदबत्ती लावतील, उसाचं पाचट जाळतील. तो धूर कुठला आणि कंपनीकडून आलेली धूळ कुठली, हे ओळखता आलं पाहिजे. माझा मूळ प्रश्न तोच तर होता!"

सगळं संपलं म्हणून रडणारी ती हीच का पोरगी!

मग आम्ही दोघींनी मिळून नवीन प्रोग्राम लिहिला. युक्ती साधी. बाहेरून धूळ आली तर ती वाऱ्याबरोबर येते, चारही डब्यांचे आकडे वाढतात. एकाच डब्याचा आकडा एकदम चढला आणि बाकीचे तीन शांत असले, तर तो त्या घरातला धूर. प्रोग्राम स्क्रीनवर तसं लिहूनच दाखवायचा. काकूंच्या डब्याचं वस्त्रहरण करून आम्ही त्यांना हात जोडले आणि पूर्वीसारखी पूजा सुरू करा म्हणून सांगितलं. फक्त उदबत्ती हातभर लांब लावा, एवढीच अट.

नाईकनवरे सर मात्र भडकले. "पीएच.डी.च्या प्रबंधात उदबत्ती? बाहेरचे परीक्षक हसतील आपल्याला!"

बरेच दिवस ते बोलत नव्हते. मग एका सकाळी स्वतःच आले. पाचव्या प्रकरणात जिथं जिथं उदबत्ती होती, तिथं तिथं त्यांनी लाल शाईनं दुरुस्ती केली होती: "डोमेस्टिक रिच्युअल एअरोसोल."

* * *

रुबीनाच्या अब्बांबद्दल सांगायचं राहिलं. तिनं प्रवेश घेतला त्याच दिवशी त्यांनी गॅरेजवर आलेल्या प्रत्येकाला सांगून टाकलं, "मुलगी डॉक्टर झाली." होणार आहे असं नाही, झाली! त्यामुळे ती घरी गेली की कुणी ड्रायव्हर गुडघा पुढे करतो, कुणी जीभ दाखवतो. एकानं तर लहान पोराला आणून तिच्या मांडीवर ठेवलं. "डॉक्टरीणबाई, रात्रभर खोकतोय बघा."

ती चिडून अब्बांना म्हणाली, "अब्बा, मी तसली डॉक्टर नाही. आणि मुळात अजून डॉक्टरच नाही!"

अब्बांनी हातातला पाना खाली ठेवला. "बेटा, तसली नसलीस तरी चालेल. पण आता एकदा होऊनच जा. लोकांना सांगून बसलोय मी. माघारी कसा फिरू?"

हे मला सांगताना ती हसत होती. पण मला दिसत होतं, तिच्या मनावर केवढं ओझं होतं ते.

तोंडी परीक्षेचा दिवस ठरला. वेळ सकाळी अकराची. त्या आधी ती चारही घरी जाऊन सांगून आली, की त्या दिवशी परीक्षेत डब्यांचे आकडे थेट दिसणार आहेत, तेवढं बटण बंद करू नका. बाकी सगळं रोजच्यासारखं चालू द्या.

* * *

परीक्षेचा दिवस. हॉल भरलेला. अब्बा इस्त्रीचा शर्ट घालून मागच्या रांगेत, हात गुडघ्यांवर घट्ट. वाघ सर आलेले, ओंकार आलेला. नाईकनवरे सर दर दोन मिनिटांनी घाम पुसत होते. बाहेरून आलेले परीक्षक म्हणजे वयस्कर, कमी बोलणारे गृहस्थ. प्रबंधाच्या प्रत्येक पानावर त्यांनी पेन्सिलीनं काहीतरी खूण केलेली.

पहिली चार प्रकरणं नीट पार पडली. पाचवं आलं तसं त्यांनी चष्मा नाकावर खाली घेतला.

"मिस इनामदार, तुमचा प्रोग्राम घरातला धूर आणि बाहेरची धूळ वेगळी ओळखतो म्हणता. पण घरात धूर कधी होतो हे तुम्हाला आधीच माहीत होतं. सकाळी लवकर आणि दिवेलागणीला. माहीत असलेलं उत्तर कुणीही काढून दाखवेल. प्रोग्रामला न सांगता, अवेळी काही झालं, तर त्याला ओळखता येतं याचा पुरावा कुठाय?"

रुबीनानं माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. कारण पुरावा नव्हता! इतक्या महिन्यांत आम्हा दोघींच्याही हे डोक्यात आलं नव्हतं.

"सर," रुबीना म्हणाली, "आकडे आत्ता थेट दिसतायत. आपण बघू शकतो."

भिंतीवर चार रेषा होत्या. चारही सपाट, खालच्या खाली सरकत चाललेल्या. परीक्षकांनी थोडा वेळ पाहिलं आणि मान हलवली.

"सगळं शांत आहे. यावरून काहीच सिद्ध होत नाही. हे प्रकरण पुन्हा करावं लागेल असं मला वाटतं."

पुन्हा! शेवटची मुदतवाढ संपलेली, आणि पुन्हा! नाईकनवरे सरांनी डोळे मिटले. अब्बांना इंग्रजी-मराठीतलं सगळं कळलं नसेल, पण लेकीचा चेहरा कळला. ते अर्धवट उठले आणि परत बसले.

परीक्षकांनी पेन्सिल उचलली. आणि तेवढ्यात तीन नंबरची रेषा हलली.

आधी जराशी. मग सरसर चढायला लागली. चढली, चढली, आणि स्क्रीनच्या वरच्या कडेतून बाहेरच गेली! इतका आकडा आम्ही कधीही बघितला नव्हता. बाकीच्या तीन रेषा ढिम्म. खाली अक्षरं उमटली: "घरातला धूर. घर क्रमांक तीन."

"मशीन बिघडलं!" नाईकनवरे सर ओरडलेच.

मलाही तेच वाटलं. आत्ताच बिघडायचं होतं याला! मी कीबोर्डकडे धावले.

"थांबा. कुणीही हात लावू नका," परीक्षक म्हणाले. वाघ सरांनी जोरजोरात मान डोलावली.

परीक्षक घड्याळाकडे बघत होते. "ही पूजेची वेळ नाही. स्वयंपाकाची नाही. आणि धूर तुम्ही दाखवलेल्या कुठल्याही दिवसापेक्षा जास्त आहे. म्हणजे एक तर प्रोग्राम चुकतोय, नाहीतर त्या घरात खरंच काहीतरी जळतंय. फोन आहे का तिथला?"

रुबीनानं हिराकाकूंना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. रिंग जात राहिली. काकूंच्या घराला आग तर लागली नसेल ना!

फोन उचलला. पलीकडून आधी खोकल्याची उबळ ऐकू आली.

"काकू! काकू, काय झालंय तिथं? धूर कसला एवढा?"

"आगं, तू फोन कशाला घिऊन बसलीस? तुजी परीक्षा चालू हाय न्हवं?" काकू खोकत खोकत ओरडल्या. "ठिव, ठिव फोन! तुज्यासाठीच उदबत्तीचा अख्खा पुडा पेटवलाय मशीनीम्होरं!"